बाटलीवरची तारीख

"मेलं वं ताई तुमचं लोनचं!"

गजूभाऊंनी टेम्पो शेडच्या दारात उभा केला आणि खाली उतरायच्या आधीच ओरडून सांगितलं. "जुलैतच मेलं. शेठ म्हनते, पाच महिने झाले याले जाऊन, आन् तुमी आता दुकानात पाठवून राह्यले."

मी लेबलांचा गठ्ठा बाजूला ठेवून धावले. मागचा फाळका खाली पडला आणि आतून आमचीच वीस खोकी आमच्याकडे बघायला लागली. परवाच तर मी त्यांना दोरी बांधून अकोल्याला रवाना केलं होतं. एका खोक्याची दोरी सोडलेली होती. त्यातली एक बाटली मी काढली आणि उजेडात धरली. आत लिंबाच्या फोडी होत्या, मधासारख्या रंगाच्या, एकमेकींना बिलगून बसलेल्या. त्यांना काहीही झालेलं नव्हतं.

मग मी लेबल वाचलं. माझंच लेबल. इंग्रजीतून, तिरप्या नाजूक अक्षरांत: उत्पादन, जानेवारी. बेस्ट बिफोर, उत्पादनापासून सहा महिने.

आणि बाहेर डिसेंबरचं ऊन पडलं होतं.

अकोटच्या बाहेर आमच्या महिला मंडळाची ही पत्र्याची शेड होती. अकरा जणी पापड, कैरीचं लोणचं, मेतकूट आणि शेवया करायच्या. मी बावीस वर्षांची, इंग्रजी घेऊन नुकतीच बी.ए. झालेली. लेबलं, पत्रं आणि फोनवर 'हॅलो, मॅडम आहेत का' असं कोणी बोललं तर उत्तर द्यायला मला घेतलं होतं. दोन महिने झाले होते. ते लेबल छापून आलं तेव्हा मी एक घरी नेलं होतं. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं होतं आणि देवघरासमोर ठेवलं होतं.

चूक कशी झाली ते मला उभ्याउभ्याच कळलं. बाकी सगळा माल आज केला की आज भरला जायचा. लिंबाचं तसं नव्हतं. अनसूयामावशी जानेवारीत लिंबं कापायच्या, मीठ लावायच्या, बरणीला दादरा बांधायच्या, आणि ते फडकं दिवाळीनंतरच सोडायच्या. बाटल्या भरायचा मुहूर्त डिसेंबरात. मला लेबलासाठी उत्पादनाची तारीख हवी होती. मी बरणीपाशी गेले, मावशींनी खडूनं लिहिलेली तारीख पाहिली आणि उतरवली. सहा महिने मात्र मी कैरीच्या लेबलावरून उचलले होते. लोणचं म्हणजे लोणचं, असा माझा हिशेब.

"म्हणजे आपणच लिहून दिलं," कुमुदताई म्हणाल्या. कुमुदताई बोंद्रे मंडळाच्या अध्यक्ष, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यामुळे तो उतरला की जास्त भीती वाटायची. "दुकानात यायच्या आधीच माल जुना आहे असं आपणच लिहून दिलं. प्रणिता, तू वाचलं नव्हतंस का?"

"वाचलं होतं, ताई. स्पेलिंग बघत होते."

बेबीताई पापड लाटत होत्या, त्यांना हसू आवरेना. "स्पेलिंग बराबर हाये ना मग? नुसतं लोनचंच मेलं?"

कोणी हसलं नाही. कारण कुमुदताईंनी पुढचं वाक्य टाकलं होतं. "सोमवारी अकोल्याचे शेठजी वर्षभर घ्यायच्या मालाची यादी पक्की करणार आहेत. तोवर जमलं नाही तर लिंबू बंद. एक वर्ष बरणी अडकवून ठेवायची आणि अशी परत घ्यायची, हे मंडळाला परवडत नाही. अनसूयाबाई, तुम्ही पापडाला बसा मग."

अनसूयामावशी कोपऱ्यात आपल्या बरण्यांपाशी उभ्या होत्या. बासष्ट वर्षांच्या, उंच, हाडकुळ्या. अकरा वर्षं लिंबाला त्यांच्याशिवाय कोणी हात लावलेला नव्हता. त्या पापडाच्या पाटाकडे बघत राहिल्या. तिथे सगळ्या मांडी घालून बसल्या होत्या, गप्पा मारत, खिदळत. मावशींचे गुडघे वाकायचे नाहीत, आणि गप्पा तर त्यांना कधीच जमल्या नव्हत्या. त्या बरण्यांशी बोलायच्या.

"बसन ना," त्या म्हणाल्या. "बसाले काय होते."



उपाय मीच सुचवला. वरून नवी चिठ्ठी चिकटवू. उत्पादन, डिसेंबर. संपलं. कुमुदताईंनी मान हलवली, बेबीताई म्हणाल्या खळ मी शिजवते, आणि सगळं मार्गाला लागणार एवढ्यात मावशी बोलल्या.

"लिंबं जानेवारीत कापली. डिसेंबरात कापली म्हनून कशी सांगता?"

"मावशी, डिसेंबरात भरली ना?"

"भरली तर भरली लिव्ह. कापली ते कापली लिव्ह. मी खोटी तारीख लावून नाई देनार. आन् हे खालचं काय हाये?" त्यांनी बोट लेबलावर ठेवलं.

"बेस्ट बिफोर."

"म्हंजे?"

"बेस्ट म्हणजे सगळ्यात चांगलं. बिफोर म्हणजे आधी. सहा महिन्यांच्या आधी हे सगळ्यात चांगलं असतं."

मावशी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी त्यांच्या घरातल्या माणसाबद्दल काही वाईट बोलले होते.

"सहा महिन्यांत? अवं, सहा महिन्यांत तं ते कडू राहते. साल मऊ होत नाई. मीठ येगळं, लिंबू येगळं, दोघं भांडून राह्यले असते. आन् तू म्हनते सगळ्यात चांगलं! त्याच्यानंतर मंग काय?"

"त्यानंतर… कमी चांगलं."

"कोनं ठरवलं?"

मी लेबलाकडे पाहिलं.

"तू चाखलं होतं?"

"नाही."

"सहा महिन्यांचं, सालभराचं, दोन सालांचं, एकामागं एक चाखलं होतं कोनी?"

"नाही मावशी. कैरीच्या लेबलावरून घेतलं मी."

पापडाच्या पाटावर लाटणी थांबली होती. मला शाळा आठवत होती. गुड, बेटर, बेस्ट असं आम्ही डोलत डोलत म्हणायचो, साठ पोरी एका सुरात. परीक्षेत तीन मार्कांना यायचं आणि माझे तीन कधी चुकले नाहीत. पण शेवटच्या घरात काहीही लिहायच्या आधी पहिली दोन घरं स्वतः बघून यावी लागतात, हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं.

"खराब कधी होतं त्याचा कागद आहे आपल्याकडे," कुमुदताई मध्ये पडल्या. "तपासणी करून आणली होती. कापल्यापासून तीन वर्षं खायला काही हरकत नाही असं लिहून दिलंय त्यांनी."

"ते खाता येते का नाई याचं झालं," मावशी म्हणाल्या. "ही पोरगी सगळ्यात चांगलं म्हनते. ते कागदावर नाई समजत. उद्या इतवार हाये. सगळ्याजनी या. मी आनते."

"काय आणता?"

"सगळंच. ठरवाचंच असन तं सगळे समोर पाह्यजे."

रविवारी दुपारी शेडमध्ये आम्ही सतरंजी अंथरली. मावशी रिक्षानं आल्या, मांडीवर एक गोणपाटात गुंडाळलेलं ओझं धरून. ते त्यांनी गजूभाऊंच्याही हातात दिलं नाही. आतून तीन बुटक्या बरण्या निघाल्या. दरवर्षी एक छोटी बरणी त्या घरी ठेवायच्या, हे आम्हाला तेव्हा कळलं. एक दोन वर्षांची, एक चार वर्षांची, आणि एक सात. मधल्या वर्षांच्या कुठे न कुठे वाटून संपल्या होत्या. सात वर्षांच्या बरणीचा दादरा विटून करडा झाला होता, आणि गाठीचं सूत इतकं घट्ट बसलेलं की त्यांनी ते दातानं तोडलं.

"उघडली नव्हती कधी?" बेबीताईंनी विचारलं.

"गरज नाई पडली. हेच निंगन पाहा पयलं. जितकं जुनं तितकं चांगलं. मी सांगून ठेवते आधीच."

"मग चाखायचं कशाला, तुम्हालाच देऊन टाकू बक्षीस."

"तसं नाई वं. माहा भरोसा हाये म्हून म्हन्ते. तुमी आपापल्या जिभेनं पाहा."

त्यात शेडमधली दोन मिळवली. यंदा सप्टेंबरात लिंबं स्वस्त मिळाली म्हणून जास्तीचं घातलेलं तीन महिन्यांचं आणि परत आलेल्या बाटलीतलं अकरा महिन्यांचं. पाच वाट्या झाल्या. मावशींसह सगळ्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि मी वाट्या भरल्या, जागा बदलल्या, बुडाखाली पेननं खुणा केल्या. रंगावरून ओळखू येऊ नये म्हणून चाखणारीच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचं ठरलं. साधी ज्वारीची भाकरी, घोटभर पाणी, मग पुढची वाटी. ज्या वाटीतलं सगळ्यात चांगलं वाटलं तिच्यापुढच्या द्रोणात ज्वारीचा एक दाणा. मी दाणे मोजणार म्हणून मला मत नव्हतं.

त्या दुपारचं मला अजून काय दिसतं सांगू? रुमाल बांधलेल्या बायकांचे चेहरे. माझी लेक आता सव्वा वर्षाची आहे. नवा घास तोंडात गेला की तिचं सगळं अंग थांबतं. हात, पाय, डोळे, सगळं जिभेपाशी गोळा होतं, आणि मग कुठे भुवया ठरवतात. त्या दिवशी पन्नाशीच्या, साठीच्या बायका तशाच बसल्या होत्या, एकेकीच्या भुवयांची वाट बघत.

तीन महिन्यांच्या वाटीला बेबीताईंनी अंग झटकलं. "हे बाप्पा! हे तं अजून झाडावरच हाये!"

शेवया करणाऱ्या हलीमाबींनी दोन वाट्यांमध्ये चार फेऱ्या मारल्या. "या अल्लाह, इम्तेहान है क्या," म्हणत हात वर गेला, खाली आला, आणि दाणा एकदाचा पडला. कुमुदताईंनी मात्र पत्रावर सही करावी तसा दाणा टाकला आणि रुमाल घडी घालून परत दिला.

दहा जणींचं झालं. मी मनात मोजत होते. अकरा महिन्यांना चार. दोन वर्षांना चार. चार वर्षांना दोन. सातचा द्रोण रिकामा.

शेवटी मावशी बसल्या, खुर्चीवर. रुमाल मी बांधला. त्यांनी भाकरीचा तुकडा पहिल्या वाटीत बुडवला, मान हलवली. दुसरी. तिसरी. चौथ्या वाटीचा घास तोंडात गेला आणि त्या थांबल्या. बराच वेळ. मला वाटलं फोड घशाशी लागली. मी पाण्याचा पेला पुढे केला तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. मग पाचवी चाखली. हात वाट्यांवरून परत एकदा गेला, चौथ्यावर घुटमळला, आणि दाणा दुसऱ्या द्रोणात पडला.

मी खुणा वाचून दाखवल्या. दोन वर्षांचं पहिलं, पाच दाणे. अकरा महिन्यांचं एकानं मागे. चारला दोन. "आणि सात वर्षांचं…" मी अडखळले.

"सांग ना."

"एकही नाही, मावशी."

मावशींनी रुमाल सोडला, डोळे चोळले आणि म्हणाल्या, "हारली वं मी. लिव्ह आता बराबर. कापल्याच्या सालभरानं ते भरात येते आन् दोन सालांपर्यंत राहते. भरल्यापासून एक साल लिव्ह. त्याच्यापुढचं लिहू नको."

त्या संध्याकाळी आम्ही दोनशे चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. यावेळी मराठीतून: कापणी जानेवारी, भरणी डिसेंबर, अकरा महिने मुरवलेलं, भरल्यापासून एक वर्ष सगळ्यात चांगलं.

सोमवारी गजूभाऊ खोकी घेऊन पुढे गेले आणि मी न् मावशी एसटीनं अकोल्याला पोचलो. शेठजी गल्ल्यामागे बसले होते, चष्मा कपाळावर. त्यांनी चिठ्ठी वाचली, मग खालचं जुनं लेबल नखानं उचकटून पाहिलं.

"कालपर्यंत मेलेलं होतं, आज एक वर्ष वाढून आलं? कागद बदलल्यानं माल ताजा होते का ताई?"

"माल तोच आहे, शेठजी," मी म्हणाले. "चूक माझी होती. कापायची तारीख मी भरायची म्हणून छापली. आणि बेस्ट बिफोर म्हणजे खराब व्हायची तारीख नाही. त्यानंतर फेकून द्यायचं असं त्यात नाही. खराब व्हायचा कागद हा वेगळा." मी तपासणीचा कागद पुढे ठेवला.

"गिऱ्हाईकाला कोण समजावणार हे? त्याला एवढंच समजते, तारीख गेली की कचरा." ते मावशींकडे वळले. "काय मावशी, त्या तारखेनंतर काय होते याचं?"

"त्याच्यानंतरही चांगलंच राहते. सगळ्यात नाई."

"आणि हे सगळ्यात चांगलं कोणी ठरवलं? सगळे आपापल्या मालाला बेस्टच म्हणतात. या मांडणीवर पाहा, बेस्ट चहा, बेस्ट साबण, बेस्ट अगरबत्ती. मी तीस वर्षं हेच विकून राहिलो."

"आमी अकराजनींनी. डोळे बांधून. पाच वाट्या होत्या." आणि मावशींनी सगळं सांगितलं. कोणतं किती जुनं, कोणाला किती दाणे. बरण्यांशी बोलणारी बाई भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर न अडखळता बोलत होती. "तीन महिन्यांच्याले सून्य. आन् माह्या सात सालांच्या बरनीलेही सून्य. मी आधी सांगत होती तेच पयलं येईन म्हनून. नाई आलं."

शेठजींनी चष्मा खाली ओढला. "स्वतःच्या मालाला शून्य सांगायला कोणी माझ्या दुकानात आजवर आलं नव्हतं."

"मंग इचारता कायले? खरं इचारलं, खरं सांगतलं."

ते हसायला लागले, पोट हलवून. बाटलीचं झाकण उघडलं, करंगळीनं एक फोड काढून तोंडात टाकली. आम्ही दोघी त्यांच्या जबड्याकडे बघत होतो. त्यांनी साल चावली, रस गिळला, मग आणखी एक फोड काढली, आणि ती खाता खाताच नोकराला हाक मारली.

"दहा खोकी ठेवून घे. यादीत लिंबू लिही. आणि मावशी, पुढच्या साली हीच चिठ्ठी आधी छापून आणा, चिकटवू नका. तिरपी लागली आहे."

दहा परत आली, दहा राहिली. पण यादीत लिंबू होतं, आणि मावशींना पापडाच्या पाटावर बसावं लागणार नव्हतं. बाहेर आल्यावर मी रस्त्यातच त्यांना मिठी मारली. त्या लाकडासारख्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "झालं, झालं. लोकं पाहून राह्यले."

परतीच्या गाडीत जागा मिळाली. दहिहंडा मागे पडल्यावर मी हळूच विषय काढला. दोन दिवस मनात होता.

"मावशी, त्या सात वर्षांच्या बरणीचं वाईट वाटलं का? तुम्ही इतक्या खात्रीनं म्हणाला होतात. आणि डोळे बांधल्यावर तुम्हालाच ओळखू नाही आली."

"ओळखू नाई आली?" मावशी खिडकीबाहेरच बघत होत्या. "जिभेवर ठेवल्याबराबर ओळखली मी ते."

"म्हणजे?"

"त्यात मीठ जास्त हाये. त्या साली हे होते. आमच्या वावरातली लिंबं यांनी टोपलीत आनली आन् म्हने चल, मीही लागतो कापाले. कधी लागले नव्हते. दोघं बसलो. ते बोलत गेले, मी आयकत गेली. बोलता बोलता मीठ त्यांनी टाकलं, मंग मीही टाकलं. बरनी भरून झाल्यावर समजलं." त्या किंचित हसल्या. "उन्हाळ्यात गेले ते. मंग ते बरनी मी उघडलीच नाई. नुसती पुसून ठेवत जाये."

गाडी खडखडत होती. ज्या बरणीची गाठ सात वर्षं सोडली नव्हती, ती त्यांनी माझ्या लेबलासाठी दातानं तोडली होती.

"मग ओळखली होती तर तुमचा दाणा तरी त्यात टाकायचा होता ना, मावशी! एक तरी पडला असता."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी अगदीच कच्ची आहे, असं बघावं तसं.

"पोरी, तू काय इचारलं होतं? सगळ्यात चांगलं कोन्तं, असंच इचारलं होतं ना? मंग मीठ जास्त झालेलं लोनचं मी सगळ्यात चांगलं कशी म्हनू?" आणि पदरानं खिडकीची काच पुसत, माझ्याकडे न बघता, त्या म्हणाल्या, "लाडकं कोन्तं, असं तू इचारलंच नाई."